महाबळेश्वर-पाचगणीचा हंगाम: माल थेट उत्पादकाकडून कसा घ्यावा आणि उत्पादकांचा आठवडी बाजार कसा भरवावा

वेण्णाकाठ

'महाबळेश्वरला चाललोय, स्ट्रॉबेरी कुठून घेऊ?' नाताळ जवळ आला की हा प्रश्न पाचदहा धाग्यांवर येतो आणि उत्तरं विखुरतात. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा. दुसरा हेतूही आहे. भिलार, गुरेघर, मेटगुताड, अवकाळी, खिंगर, राजपुरी या गावांतल्या पाचदहा गुंठेवाल्या शेतकऱ्यांना स्वतःचा बाजार भरवायचा असेल तर काय काय लागतं, हे जाणकारांनी तपशिलात लिहावं.

आधी हंगामाचं वेळापत्रक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. देशातली सुमारे ८५ टक्के स्ट्रॉबेरी या पट्ट्यात पिकते. २०१० पासून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही आहे. परदेशातून आलेली मातृरोपं जूनच्या आसपास खाली वाई भागात लावतात, वरच्या पावसात ती टिकत नाहीत. त्यांना फुटणाऱ्या रनरवर (जमिनीलगत पसरणाऱ्या धुमाऱ्यांवर) पिशव्यांत रोपं धरतात आणि पाऊस ओसरला की वर आणून गादीवाफ्यांवर लावतात. पहिली फळं नोव्हेंबरात येतात, खरा बहर डिसेंबरअखेर ते मार्च असतो. एप्रिलच्या उन्हात फळ बारीक होतं.

म्हणजे रोपं, मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद), ठिबक, खत, मजुरी हा खर्च जून ते ऑक्टोबर आणि हातात पैसा डिसेंबर ते मार्च. पर्यटकांची सगळ्यात मोठी गर्दी मात्र मे महिन्यात असते, तेव्हा शेतात फळ जवळजवळ संपलेलं असतं. उत्पादकाला हातभार लावायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत ताजं फळ घ्या, मे महिन्यात त्याच्या घरचा जॅम आणि क्रश घ्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आगाऊ नोंदणी करा.

पुणेरी_पिशवी

धागा काढलात ते फार बरं झालं. दोन प्रश्न आहेत. एक, रस्त्यावरच्या स्टॉलवर भाव कधीकधी पुण्याच्या मंडईपेक्षा जास्त सांगतात, असं का? दोन, बॉक्समध्ये वर मोठी फळं आणि खाली बोराएवढी, हे कसं ओळखायचं?

भिलारवाट

भावाचं आधी. एकाच शेतातून एकाच सकाळी तीन प्रतींचा माल निघतो. मोठं, एकसारखं, देठासह तोडलेलं फळ पनेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डबीत, जातं. मध्यम फळ सुटं विकलं जातं. बारीक, वेडंवाकडं किंवा जास्त पिकलेलं देठ काढून कारखान्याला जातं आणि त्याला पनेटच्या मालापेक्षा कितीतरी कमी भाव मिळतो. मंडईत स्वस्त दिसणारा माल बऱ्याचदा दुसऱ्या प्रतीचा किंवा आदल्या दिवशीचा असतो. म्हणून भाव विचारताना 'आजचा तोडा का? कुठली प्रत?' हे आधी विचारा. घासाघीस करायचीच असेल तर मध्यम प्रतीचं सुटं फळ दोन-तीन किलो एकदम मागा. त्यात शेतकरी आनंदाने भाव कमी करतो, कारण तो माल नाहीतर कारखान्याला जायचा असतो. जॅमला, मिल्कशेकला, गोठवून ठेवायला हेच फळ उत्तम. सुटं घेताना नजर सगळ्या फळांवर पडते, हाही फायदा.

फळ कसं बघावं:

देठाभोवतीची पानं हिरवी आणि ताठ असली तर माल त्याच दिवशीचा किंवा आदल्या संध्याकाळचा. पानं कोमेजून फळाला चिकटली असतील तर दोन दिवस उलटले. फळ उलटं करून देठाखालचा खांदा बघा. तिथे पांढरी कड रुंद असेल तर लांबच्या बाजारासाठी लवकर तोडलेलं आहे. स्ट्रॉबेरी आंब्यासारखी अढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होतो, पण गोडी वाढत नाही. म्हणून जागेवर घेताना पूर्ण लाल फळच घ्या.

पनेट पारदर्शक असतं, ते खालून बघा. तळाला लाल रस साचला असेल किंवा कागद ओला असेल तर आतलं एखादं फळ फुटलंय. करडी बुरशी एका फळावरून शेजारच्यावर रात्रीत जाते. बॉक्स घेताना वरचं पनेट न बघता मधलं उचलून बघा. प्रामाणिक विक्रेता स्वतःहून उघडून दाखवतो.

जातींबद्दल थोडक्यात. स्वीट चार्ली लवकर येते, गोड असते, पण नाजूक. विंटर डॉन आणि कामारोसा घट्ट, प्रवासाला बऱ्या. नाभिला मोठी आणि दिसायला देखणी. पुढे आठ तासांचा प्रवास असेल तर घट्ट जात मागा.

तराजू

वजनाचं मी सांगतो. पनेट साधारण २०० किंवा २५० ग्रॅमचं असतं. २ किलोच्या बॉक्समध्ये २०० ची १० किंवा २५० ची ८ पनेट बसतात. 'दोन किलो' म्हणून दिलेल्या बॉक्समध्ये २०० ग्रॅमची ८ पनेट असली तर माल १६०० ग्रॅमच आहे. पनेट मोजा, त्यावरचं वजन वाचा, गुणाकार करा. बॉक्स, कागद आणि झाकण मिळून दीडदोनशे ग्रॅम सहज होतात, ते मालात धरू देऊ नका.

विक्रेत्यांसाठी: इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी होऊन शिक्का लागतो. काटा उतरत्या दगडावर किंवा हलत्या टेबलावर ठेवला की वजन चुकतं. खाली प्लायवूडचा तुकडा टाकून पातळी साधा, काट्यातला बुडबुडा मध्यावर आणा. आकडे ग्राहकाच्या बाजूला वळवून ठेवले की निम्मे वाद होतच नाहीत.

पुणेरी_पिशवी

आणि घरी नेईपर्यंत? गाडीतच निम्मी मऊ पडतात.

भिलारवाट

दुपारच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवली तर पडणारच. स्ट्रॉबेरीला ० ते २ अंश तापमान मानवतं आणि तोडल्यापासून थंड होईपर्यंतचा प्रत्येक तास आयुष्य कमी करतो. त्यामुळे:

खरेदी निघायच्या दिवशी सकाळी करा. पोचल्या दिवशी घेऊन हॉटेलच्या खोलीत दोन रात्री ठेवू नका.

बॉक्स मागच्या सीटच्या पायाशी आडवा ठेवा, एकावर एक दोनपेक्षा जास्त नकोत. बर्फ थेट फळांना लावू नका. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बॉक्सच्या बाजूला ठेवा. पसरणी घाटात वळणावर बॉक्स सरकतो, तो कशाने तरी अडवा.

घरी धुऊन ठेवू नका. आधी सगळी निवडा, फुटलेली बाजूला काढून त्याच दिवशी वापरा. बाकीची देठासह, कोरड्या कागदावर, एका थरात फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस छान राहतात. खायच्या वेळीच धुवा, देठ धुतल्यानंतर काढा, नाहीतर खळग्यात पाणी शिरून चव पाणचट होते. जास्त असतील तर धुऊन, पूर्ण पुसून, देठ काढून ताटात सुटी गोठवा आणि मग पिशवीत भरा. एकदम पिशवीत टाकली तर एकच गोळा होतो.

शेतात जाऊन स्वतः तोडणार असाल तर फळ ओढू नका, देठ फळापासून बोटाच्या पेरभर अंतरावर नखाने खुडा. ओढलं की रोपाचा मधला कोंब हलतो आणि त्यावरची पुढची फुलं जातात. गादीवाफ्यावर पाय देऊ नका, मल्चिंग पेपर फाटला की त्याच जागी तण उगवतं आणि ठिबकची नळी दबते. शेवटची फवारणी कधी झाली हेही विचारा. भुरी, फुलकिडे, लाल कोळी यांच्यासाठी फवारावंच लागतं, आणि प्रत्येक औषधाला तोडणीआधी सोडायचे दिवस ठरलेले असतात. ते पाळणारा शेतकरी तारीख सांगतो.

घाटवाट

आता आठवडी बाजाराकडे येऊ. जागा आणि वेळ चुकली की बाकी कितीही चांगलं असो, बाजार बसतो.

शनिवार-रविवार वेण्णा तलावाजवळ आणि गावाच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते. तिथे आणखी एक गर्दीचं ठिकाण निर्माण करू नये, स्थानिकांनाच त्याचा त्रास होतो. जागा परतीच्या वाटेवर, म्हणजे पाचगणी-वाईच्या दिशेने जाताना डाव्या हाताला असावी. उजवीकडे असली तर वळणारी गाडी दोन्ही बाजूंची वाहतूक अडवते. ४० गाड्या एका वेळी उभ्या राहतील एवढं मोकळं मैदान हवं, आत जायचा आणि बाहेर पडायचा रस्ता वेगळा. शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी सोयीचं, ग्रामपंचायतीचा ठराव आणि पोलीस ठाण्याला पत्र आधी द्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे पक्क्या ओट्यांचा, शेडचा विचार नको. घडीचे मंडप आणि घडीची टेबलं, संध्याकाळी मैदान जसं होतं तसं.

वेळ: रविवार सकाळी ८ ते दुपारी १. हॉटेलं दहा-अकराला खोल्या सोडायला लावतात, तोच खरेदीचा तास. शनिवारी संध्याकाळी दुसरा बाजार घ्यायचा मोह होईल, पण संध्याकाळी ताजं फळ उरलं की ते रविवारी शिळं म्हणून परततं. शनिवारी ठेवायचाच तर फक्त बाटल्या, मध आणि खायचे पदार्थ.

वेण्णाकाठ

@घाटवाट, जागेचं बरोबर. आकारमानाची भर घालतो. पहिल्या हंगामात २० स्टॉल पुरेत. प्रत्येकी १० बाय १० फुटांचा मंडप, दोन रांगा समोरासमोर, मध्ये किमान १२ फूट वाट. याहून अरुंद वाटेत एका स्टॉलवर चार माणसं थांबली की मागची पुढे सरकत नाहीत. रांगा पूर्व-पश्चिम ठेवून फळांच्या स्टॉलचं तोंड उत्तरेला करा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून येतो आणि दक्षिणेला तोंड असलेल्या टेबलावरचं फळ दहा वाजल्यापासून तापतं. दक्षिणमुखी रांगेत मध, जॅम, गुलकंद, गरम खाणं ठेवा. डोंगरावर अकरानंतर वारा उठतो, मंडपाच्या चारही पायांना २० लिटरचा भरलेला पाण्याचा कॅन बांधा.

२० पैकी १२ फळ-भाजीचे (स्ट्रॉबेरी, तुती, रसभरी, पाल्यासकट गाजरं, लाल मुळा), ४ बचत गटांचे प्रक्रिया पदार्थ, २ मधाचे, २ गरम खाण्याचे. सगळे स्ट्रॉबेरीवाले झाले तर ते एकमेकांचा भाव पाडतात. पाटी सगळ्यांना सारखी: गाव, तोडणीची वेळ, जात, प्रत, किलोचा भाव.

तराजू

सगळ्यात अवघड नियम हा: 'स्वतःचं पीक, स्वतःचं उत्पादन'. तो सोडला की दुसऱ्या महिन्यात बाहेरचा माल आणून विकणारे निम्म्या टेबलांवर दिसतात आणि शेतकरी मागे हटतो. ओळखीवर सोडू नका, कागदावर घ्या. सातबारा, त्यावरची ई-पीक पाहणीची नोंद आणि लागवडीचं क्षेत्र अर्जासोबत घ्यायचं. मग साधं गणित. एकरात २२ ते २४ हजार रोपं बसतात. ५ गुंठे म्हणजे एकराचा आठवा हिस्सा, तीन हजारांच्या आत रोपं. रोपामागे हंगामात ४०० ग्रॅम धरले तर ११०० ते १२०० किलो. दर दोन-तीन दिवसांनी तोडा धरला तर चार महिन्यांत ४५ च्या आसपास तोडे, म्हणजे सरासरी तोडा २५ किलोचा. भर बहरात दुप्पट धरा, ५० किलो. तर ५ गुंठेवाला दर रविवारी १०० किलो घेऊन येत असेल तर प्रेमाने विचारायला हवं की उरलेला माल कुणाचा. शेजारच्या भावकीचा असेल तर त्यांच्या नावाने नोंद करा, ते चालेल.

कायद्याची बाजू सोपी आहे. फळं-भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे, शेतकरी थेट विकू शकतो. राज्य कृषी पणन मंडळाचा शेतकरी आठवडे बाजारांचा उपक्रमही आहे, संत सावता माळी यांच्या नावाचा. तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी केली तर अर्ज करायला मदत मिळते. स्वतःच्या शेतातलं ताजं फळ विकायला अन्न परवाना लागत नाही. जॅम, क्रश, चटणी, गुलकंद यांना मात्र अन्नसुरक्षा नोंदणीचा (FSSAI) १४ अंकी क्रमांक लागतोच. 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'चं मानांकन चिन्ह बॉक्सवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलेलं असावं लागतं, ते काम हंगामाआधी उरका.

घाटवाट

एक राहिलं, ऑनलाइन पैसे. डोंगराच्या आडोशाला नेटवर्क जातं आणि दहा ग्राहक मोबाइल वर करून उभे राहतात. जागा ठरवताना सगळ्या मोबाइल कंपन्यांची सिमं घेऊन मैदानाच्या चारही कोपऱ्यांत रविवारी दहाच्या गर्दीतच तपासा, रिकाम्या मंगळवारी नव्हे. पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणाऱ्या यंत्रात सिम असतं, जी कंपनी तिथे चालते तिचंच घाला. शिवाय प्रत्येक स्टॉलवर १०, २० आणि ५० च्या नोटा मिळून दोन हजारांचे सुट्टे हवेत.

कचरा: फुटलेली फळं आणि देठं वेगळ्या झाकणाच्या ड्रममध्ये, दर तासाला हलवा. गोड वासावर मधमाश्या आणि गांधीलमाश्या येतात, आणि माकडं तर येतातच. पातळ पिशव्या नकोत, कागदी पिशवी किंवा बॉक्सला सुतळी. रिकामी पनेट पुढच्या वेळी आणून देणाऱ्याला काही रुपये परत, असं ठेवलं तर वाटेवर पडत नाहीत.

सुगरणकट्टा

बचत गटांच्या जॅमबद्दल लिहिते, कारण तिथे चव असूनही माल खराब होतो आणि मग ग्राहक फिरकत नाही.

प्रमाण: देठ काढलेलं १ किलो फळ, ७०० ग्रॅम साखर, २ मोठ्या लिंबांचा रस. स्ट्रॉबेरीत पेक्टिन (जॅम घट्ट धरायला लावणारा फळातला घटक) कमी, म्हणून लिंबू हवंच आणि पाव भाग किंचित कमी पिकलेली फळं घातली तर जॅम चांगला धरतो. एका वेळी २ किलोपेक्षा जास्त फळ घेऊ नका. मोठ्या पातेल्यात आटायला वेळ लागतो आणि लाल रंग विटकरी होतो.

सगळ्यात मोठी चूक तापमानाची. पाककृतीत '१०४-१०५ अंशाला उतरवा' असतं, ते समुद्रसपाटीचं. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५ ते ९६ अंशालाच उकळतं. म्हणून तिथे जॅम १०० अंशाला तयार होतो. १०५ ची वाट बघत बसलं की साखर करपून चिकट गोळा होतो. प्रत्येक वेळी आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते बघा आणि त्यात साडेचार-पाच मिळवा. हाताळायला अधिक सोपा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे विरघळलेल्या साखरेचे टक्के दाखवणारं उपकरण. ६८ दाखवला की उतरवा, त्याला उंचीचा फरक पडत नाही. तो नसेल तर गार बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढा, रेघ मिटली नाही आणि पृष्ठभागाला सुरकुती पडली की झालं.

बाटल्या उकळत्या पाण्यात २० मिनिटं (पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून वेळ जास्त), मग पालथ्या घालून पूर्ण कोरड्या. जॅम गरमच भरा, लगेच झाकण. कोमट जॅम भरला तर झाकणाखाली वाफेचे थेंब जमतात आणि आठवड्यात बुरशी दिसते. बुडबुडे येऊन आंबूस वास आला तर आटवणं कमी पडलं.

ग्राहकांनी लेबल वाचावं. नियमाप्रमाणे स्ट्रॉबेरी जॅममध्ये किमान २५ टक्के फळ पुरतं, इतर बहुतेक फळांना ४५ लागतं. वरच्या प्रमाणाने केलेल्या घरगुती जॅममध्ये फळ त्याच्या कितीतरी पुढे असतं, म्हणून तो महाग वाटतो. गटाने हे टक्के बाटलीवर ठळक छापावेत. क्रशमध्ये किमान २५ टक्के फळांचा रस हवा. 'फ्लेवर्ड सिरप' लिहिलेली बाटली वेगळी वस्तू आहे.

यंत्रसामग्रीसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख. गटातल्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवलही आहे.

पुणेरी_पिशवी

ताई, १०० अंशांचं माहीतच नव्हतं, धन्यवाद! मधाबद्दल कुणी सांगेल का? काडी पेटवून, पाण्यात थेंब टाकून दाखवतात, ते खरं असतं का?

मोहोळ

त्या एकाही चाचणीवर विसंबू नका. पाण्यात थेंब तळाला जाणं दाटपणा दाखवतं, आणि साखरेचा दाट पाकही तसाच तळाला जातो. मध गोठला म्हणजे भेसळ, हेही चूक. शुद्ध मधही थंडीत रवाळ होतो. बाटली ४०-४५ अंशांच्या पाण्यात ठेवली की पातळ होतो, गॅसवर ठेवू नका.

विचारायचं ते हे: सातेरीचा की आग्याचा (या मधमाश्यांच्या दोन जाती)? पेटीतला, यंत्राने काढलेला, की पोळं पिळलेला? कुठल्या फुलोऱ्याचा, कुठल्या महिन्यात काढलेला? सातेरी मधमाशी पेटीत पाळतात. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा हे इथले ओळखीचे फुलोरे आणि प्रत्येकाचा रंग-चव वेगळी. पिळलेल्या मधात मेण, पराग आणि अळ्यांचा रस उतरतो, तो लवकर आंबतो. या भागातला मध हवेतली ओल घेऊन पातळ राहतो. पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की फेस येतो, म्हणून पोळ्याचे कप्पे मेणाने बंद झाल्यावरच मध काढावा. बाजारात मधाच्या स्टॉलवर एक रिफ्रॅक्टोमीटर ठेवून ग्राहकासमोर ओलावा मोजून दाखवला तर काडी पेटवायची गरज राहत नाही. मांघर हे 'मधाचं गाव' म्हणून २०२२ साली जाहीर झालं, तिथे पेट्या आणि मध काढणं प्रत्यक्ष बघता येतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका, कितीही शुद्ध असला तरी.

सोसायटी_सचिव

आम्हाला पुण्यात २०-२५ घरांसाठी एकत्र मागवायचं आहे. कसं करावं?

भिलारवाट

उत्तम. एका शेतकऱ्याला ५० किलोची एकरकमी मागणी म्हणजे एक अख्खा तोडा दलालाविना जातो.

ऑक्टोबरात ठरवा: घरटी २ किलो, जानेवारी-फेब्रुवारीत चार खेपा, भाव दोन्ही बाजूंनी लेखी. एक चतुर्थांश रक्कम तेव्हाच द्या, मल्चिंग आणि ठिबकला तीच उपयोगी पडते. खेपेचा दिवस शनिवार ठेवा. तोडणी शुक्रवारी सकाळी उन्हं चढायच्या आत, दिवसभर गार खोलीत, रात्री टेम्पो, पहाटे पुण्यात. बॉक्स सहापेक्षा जास्त थर रचू नयेत आणि बाजूला हवेची भोकं मोकळी हवीत. सकाळी ७ ते ८ एका तासात वाटप संपवा. दहातला एक बॉक्स उघडून वजन करा. खराब निघालेल्या फळाचा फोटो नऊच्या आत पाठवायचा आणि शेकडा पाचपर्यंत नुकसान दोघांनी निम्मं-निम्मं सोसायचं, हे आधीच लिहून ठेवा.

अवकाळी पाऊस झाला तर फळ पाणी पिऊन मऊ पडतं, त्या आठवड्याची खेप पुढे ढकला. लिंगमळा-वेण्णा भागात दव गोठलं तर फुलाचा मधला भाग काळा पडतो आणि साधारण महिन्याभराने माल कमी येतो, तेव्हाही तारीख हलते. एवढी सवलत करारात ठेवलीत तर शेतकरी दुसरीकडचा माल भरून खेप पुरी करणार नाही.

सोसायटी_सचिव

लिहून घेतलं. २३ घरांची यादी तयार आहे, म्हणजे खेपेला ४६ किलो. पाच गुंठ्यांच्या एका शेतकऱ्याला हे झेपेल का?

तराजू

भर बहरात एका तोड्यात जेमतेम बसेल, जानेवारीच्या सुरुवातीला कमी पडेल. दोन शेजारी शेतकऱ्यांत २३-२३ किलो वाटून द्या आणि दोघांची जात एकच आहे ना ते विचारा, नाहीतर वाटपाच्या वेळी 'त्यांची मोठी, आमची बारीक' सुरू होतं.